जुने निबंध, आत्मकथने आणि समीक्षा वाचायची असल्यास सुरुवात कोठून करावी?

काळाच्या क्रमाने जाऊ नये, असे माझे मत आहे. तसे करणारा वाचक बहुधा ॲरिस्टॉटलपाशीच अडकतो. आरंभ माँतेन्य या फ्रेंच निबंधकारापासून करावा. त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्यांत भर घालत राहिला. जुने मत खोडण्यापेक्षा छापील प्रतीच्या समासात नवा विचार लिहिण्याची त्याची सवय पाहिली, की ‘एसे’ या फ्रेंच शब्दाचा ‘प्रयत्न’ हा मूळ अर्थ आपोआप उलगडतो.

आत्मकथनासाठी बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ (१६४१) घ्यावे. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी ते पंचावन्नाव्या वर्षी लिहिले, म्हणून ‘अर्ध’. अकबराच्या मृत्यूची बातमी ऐकताच जिन्यावरून कोसळून आपले डोके कसे फुटले, हे हा व्यापारी कवी संकोच न करता सांगतो.

समीक्षा मात्र मूळ कृती वाचल्यावरच हाती घ्यावी. शेक्सपिअरची दोन-तीन नाटके वाचून झाल्यावर सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज समीक्षकाने शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीला लिहिलेली १७६५ची प्रस्तावना वाचल्यास, रंगमंच हा रंगमंचच आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून स्थळ-काळाच्या ऐक्याचा, म्हणजे नाटक एकाच जागी आणि एकाच दिवसात घडावे असा, आग्रह निरर्थक आहे, हा त्याचा युक्तिवाद नीट पटतो.