रोटरला वायंडिंगच नसतं, मग तो खराब कसा होईल?

तुमचा प्रश्न असा : १५ एचपीची मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली, वायंडिंगवाला आता म्हणतो रोटर गेलाय, रोटरला तर वायंडिंगच नसतं, तो फसवतोय का?

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं वायंडिंगचं दुकान आहे. हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेलाय आणि 'फसवतोय' हा शब्दही माझ्यासाठीच होता. म्हणून लिहितोय.

रोटर म्हणजे मोटरीतला फिरणारा भाग. त्याच्या पत्र्यांच्या खाचांत ॲल्युमिनियम ओतलेलं असतं. त्याच्याच सळ्या, दोन्ही टोकांना रिंगांनी जोडलेल्या. हेच त्याचं वायंडिंग. त्याला वार्निश नाही, इन्सुलेशन नाही, म्हणून जळाल्याचा वास येत नाही आणि कुणाला संशयही येत नाही.

पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर २० एचपीची, मिनिटाला १४६० फेऱ्यांची मोटर होती. हंगामात रात्रंदिवस ऊस. मोळी जास्त रेटली की घाणा अडकायचा. मग मोटर बंद, पट्टा हातानं उलटा ओढून ऊस मोकळा करायचा, पुन्हा स्टार्ट. तासाला आठ-दहा वेळा हे चाललेलं मी स्वतः पाहिलंय. डायरेक्ट स्टार्टला मोटर नेहमीच्या सहापटीच्या आसपास करंट ओढते. सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असला तरी घाण्यात ऊस भरलेला असताना ती लवकर वेग धरत नाही, आणि ती वेग धरेपर्यंतच्या उष्णतेचा मोठा वाटा रोटरच्या सळ्यांत साठतो. तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. शेवटी सळी रिंगेजवळ तडकते. एक तडकली की तिच्या वाटचा करंट शेजारच्या सळ्यांवर जातो, मग त्याही जातात.

ती मोटर एका हंगामात दोनदा माझ्याकडे आली. दोन्ही वेळा तिन्ही फेजच्या कॉइल सारख्या काळ्या. तीनपैकी एक फेज गेल्यानं मोटर जळाली असती तर काही कॉइल काळ्या आणि बाकीच्या नव्यासारख्या दिसल्या असत्या. तिसऱ्यांदा भरून दिली आणि जोडायला मी स्वतः गेलो. घाणा लोडवर आला तसा स्टार्टरवरच्या करंट दाखवणाऱ्या आमीटरचा काटा हलायला लागला. २४ अँपिअरवरून ३१ वर, परत २४ वर, सेकंदाला अडीच-तीन हेलकावे, आणि मोटरीचा आवाजही त्याच ठेक्यात चढ-उतार करत होता. या चार पोलच्या मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या फिरतं आणि रोटर १४६०, म्हणजे ४० मागे. त्यावरून हिशोब मांडला, तर तुटक्या सळीचा ठेका एवढाच येतो. मी गुऱ्हाळाच्या मालकांना म्हणालो, "आण्णा, रोटर गेलाय. काढून तपासू द्या."

"रोटरला काय धाड भरलीया? लोखंडाचा गोळा त्यो. तूच तार हलकी घातलीस." हे चार माणसांसमोर. तिसऱ्या वेळचे पैसे दिले नाहीत आणि पुढच्या वेळी मोटर दुसऱ्या दुकानात नेली. तिथं भरलेलं वायंडिंग तीन आठवडे टिकलं.

मग त्यांचा पुतण्या ती माझ्याकडे घेऊन आला. वायंडिंग भरल्यावर मी त्याच्यासमोर टेस्ट केली. मोटर न उघडता बंदिस्तच ठेवायची, तीनपैकी दोन वायरींना डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) ६० व्होल्ट सिंगल फेज द्यायचा, करंट मोजायला वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावायचा आणि शाफ्ट हातानं सावकाश फिरवायचा. चांगल्या रोटरवर आकडा जवळजवळ जागेवर राहतो. इथं २० चा २३, पुन्हा २०. रोटर बाहेर काढला तर एका खाचेवर बोटभर लांब निळसर डाग, आणि रिंगेला लागून केसाएवढी चीर. पोरानं नखानं चाचपून पाहिली. त्याच फ्रेमच्या भंगारातल्या मोटरीचा तपासलेला रोटर घातला. तार तीच, वार्निश तेच, कारागीरही तोच. पुढचे दोन हंगाम ती मोटर दुकानात आली नाही.

तरी गावात आजही 'तार हलकी' हेच सांगतात.

तुमच्या मोटरीचं म्हणाल तर ती कशाला लावलीय, दिवसात किती वेळा चालू-बंद होते, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. सारखी चालू-बंद होत असेल तर रोटरचा संशय रास्त आहे. बॉडीला हात लावून रोटरची उष्णता कळत नाही. जास्त करंट आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले वाढवून ठेवला असेल तर आधी मोटरीच्या प्लेटवरच्या करंटला आणा. ॲल्युमिनियमच्या ओतीव रोटरची दुरुस्ती करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, रोटर बदला. लेथवर रोटर घासून देणारेही आहेत. त्यानं रोटर आणि बाहेरच्या वायंडिंगच्या भागामधली फट वाढते, रिकामी मोटरच जास्त करंट खाते आणि चीर आहे तिथंच राहते.

एक सांगायचं राहिलं. नुसत्या एका तुटक्या सळीनं वायंडिंग सहसा जळत नाही. सळ्या गेल्या की मोटरीची ताकद कमी होते, स्टार्ट लांबतो, करंट चढतो, आणि त्यात व्होल्टेज कमी असेल तर जळते. ४१५ च्या जागी ३४० आले की ताकद दोन-तृतीयांशच उरते. रात्रीच्या लाइटीवर पाणी उपसणाऱ्यांनी व्होल्टेज आधी बघावं. आणि लोडच धक्क्याधक्क्यानं येत असेल तर चांगल्या रोटरवरही काटा हलतो. म्हणून नुसत्या काट्यावर निकाल देऊ नका, सिंगल फेजची टेस्ट करायला लावा.

वायंडिंगवाल्याला सांगा, टेस्ट माझ्यासमोर कर. टाळाटाळ केली तर दुकान बदला. करून दाखवली आणि आकडा हलला, तर रोटर बदला आणि त्याचं आधीचं बिल थकलं असेल तर तेही त्याच दिवशी देऊन टाका.