मशीनच्या आधी जुलैचा हप्ता

निपाणीजवळच्या एका गावातून निवृत्त सुभेदारांचं पत्र आलंय. वय 51, पेन्शन 36 हजार, निवृत्तीच्या पैशांतून घर झालं, बचत खात्यात 8 लाख शिल्लक. मुलगा शिक्षण सोडून घरी बसलाय, त्याला हाताशी घेऊन प्लास्टिक भंगार दळायचा धंदा काढायचा आहे. रस्त्याकडेला स्वतःची शेड आहे. दोन कोटेशन आलीत : दोन शाफ्टचा 7.5 एचपीचा श्रेडर 3 लाख 40 हजारांना, आणि 10 एचपीचा ग्राइंडर 1 लाख 85 हजारांना. श्रेडरवाला म्हणतो, निघेल तो सगळा माल तीन वर्षं आम्हीच ठरल्या भावाने उचलू. सुभेदार विचारतात, दोन्हींतलं कुठलं घेऊ? शेवटी एक ओळ आहे : ‘पैशाची काळजी नाही, बँकेत पाच वर्षांची ठेव आहे. वर्षाला 2 लाख भरायचे, दोन वेळा भरलेत. ती मोडली की 4 लाख येतील.’ सोबत त्या ठेवीच्या कागदांचे फोटो.

सुभेदारसाहेब, फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. ते पाहिल्यावर तुमचा मशीनचा प्रश्न मी बाजूला ठेवला.

ती ठेव नाही. आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तिसऱ्या पानावरचा चौकोनी तक्ता काढा. वरून चौथी ओळ, हप्ते भरण्याची मुदत : 10 वर्षं. तिच्याखाली पॉलिसीची मुदत : 20 वर्षं. म्हणजे अजून आठ वर्षं दर जुलैला 2 लाख भरत राहायचे आणि पैसे हातात यायचे सत्तरीच्या आसपास. ‘पाच वर्षं’ हा शब्द त्या सबंध बाडात कुठेच नाही. तो आहे फक्त बँकेतल्या माणसाने तुम्हाला लिहून दिलेल्या चिठ्ठीवर. निळ्या शाईत, पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे : ‘5 वर्षे, 8%, टॅक्स फ्री’. ती चिठ्ठी जपून ठेवा. आज तुमच्याकडे असलेला तो सगळ्यात मोलाचा कागद आहे.

आता मोडली तर 4 लाख येणार नाहीत. अशा पॉलिसीत दुसऱ्या वर्षात नियमाने हमखास मिळतात ते भरलेल्या रकमेच्या किमान 30 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम थोडे ग्राहकाच्या बाजूने झालेत, त्यामुळे आकडा याहून बरा निघू शकतो. कंपनीकडून आजची सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर हाती येणारी रक्कम, लेखी मागवा. पण मशीनचा हिशेब ज्या 4 लाखांवर उभा केलात ते 4 लाख नाहीत, हे आधी मनाशी पक्कं करा.

गेलेल्या पैशापेक्षा मला जाणाऱ्या पैशाची जास्त काळजी आहे. अजून आठ हप्ते, म्हणजे 16 लाख. महिन्याला पडतात 16,700 रुपये. 36 हजारांच्या पेन्शनीतलं जवळजवळ अर्धं. आणि ते कशासाठी? कागदावर 20 वर्षांनी मिळायची रक्कम 38 लाख लिहिली आहे. ‘20 भरले, 38 आले’ असं ऐकायला दुप्पट वाटतं. पण वीस वर्षं पैसे अडकवून हा परतावा वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास पडतो. दोन हप्ते बुडाले असं समजून फक्त पुढचा हिशेब केला, म्हणजे आज मिळणारे 1 लाख 20 हजार आणि पुढचे 16 लाख विरुद्ध शेवटचे 38 लाख, तरी साडेपाच टक्केच सुटतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के मिळतात. सैन्यदलातून निवृत्त झालेल्यांना ते खातं वयाच्या 50 पासूनच उघडता येतं, 60 ची वाट बघावी लागत नाही. तुम्ही 51 चे. बँकेत समोर बसलेल्या माणसाने पहिल्यांदा हे सांगायला हवं होतं. तीस वर्षं देशाची नोकरी करून आलेल्या माणसाच्या अज्ञानावर कुणी टार्गेट पुरं करावं, याचा मला मनापासून राग येतो. बेळगावात माझ्यासमोर बसणाऱ्या माजी सैनिकांत ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहतो : निवृत्तीची रक्कम खात्यात पडली की आठवड्यात फोन, चहा, ‘साहेब, तुमच्यासाठी खास स्कीम’.

तेव्हा जुलैचा हप्ता भरू नका. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरल्यामुळे तिसरा थांबला तरी सगळं शून्य होत नाही, पॉलिसी कमी रकमेची ‘पेड-अप’ होऊन राहते. ‘हप्ता चुकला तर सगळं बुडेल’ असं फोनवरून घाबरवतील. घाबरू नका.

लगेच मोडायलाही जाऊ नका. आधी तक्रार करा आणि पूर्ण 4 लाख परत मागा. पॉलिसी मिळाल्यावर 30 दिवसांत विनातक्रार परत करता येते, ती मुदत केव्हाच गेली, पण खोटं सांगून विकल्याची तक्रार त्यानंतरही करता येते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला साध्या मराठीत लिहा, खाली इंग्रजी प्रत जोडा : ठेव मागितली होती, ठेव म्हणून विकली, ही चिठ्ठी. एक प्रत बँकेला द्या आणि पोच घ्या. कंपनीने विक्रीनंतर पडताळणीचा फोन केला असेल, त्याचं रेकॉर्डिंग मागा. तुम्ही लिहिलंय की फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं बँकेतल्या माणसाने आधीच बजावलं होतं. हेही पत्रात घाला. लाजण्यासारखं त्यात काही नाही, फसवणाऱ्याची ती रीतच आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे अर्ज. कर्नाटकातल्या तक्रारी तिथे जातात. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं एवढंच. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण हातातली चिठ्ठी पाहता तुमची बाजू भक्कम आहे. लोकपालाकडूनही नाही झालं, तर सरेंडर करा आणि तो विषय संपवा. तुमच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. तरी विमा हवाच वाटला तर साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारी, घ्या, हप्ता हजारांत बसेल.

आता मशीन. मी आर्थिक सल्लागार आहे, फिटर नाही. पण या धंद्यातली काही खाती मी वर्षानुवर्षं पाहतो, त्यावरून सांगतो.

श्रेडर आणि ग्राइंडर ही एकाच कामाची दोन मशीनं नाहीत. दोन शाफ्टचा श्रेडर सावकाश फिरतो, ताकदीने फाडतो. मोठे ड्रम, जाड गठ्ठे आत गेले की बाहेर पट्ट्या पडतात, लहानमोठ्या. ग्राइंडर वेगाने कापतो, आणि खाली जाळी असते. जाळीच्या भोकातून जाईल एवढाच चुरा बाहेर येतो, उरलेलं आतच फिरत राहतं. दाणा करणाऱ्या कारखान्याला हवा असतो तो जाळीतून आलेला एकसारखा चुरा. पट्ट्यांना भाव कमी. छोट्या धंद्यात डबे, बादल्या, क्रेट, खुर्च्या एवढंच येणार असेल, तर हाताने कोयत्याने फोडून ग्राइंडरला घालता येतं. ड्रमचे ढीग रोज येणार असतील तरच श्रेडरचा विचार, आणि मग त्याच्यामागे ग्राइंडर लागणारच.

तुमच्या भागातला माल मात्र वेगळा आहे. तुम्ही लिहिलंय, उसाच्या शिवारातून ठिबकच्या जुन्या नळ्या आणि भाजीच्या प्लॉटवरचा मल्चिंग पेपर भरपूर मिळेल. मिळेल, पण शाफ्टभोवती तो पेपर सुतासारखा गुंडाळला जातो, आणि त्याला चिकटलेली माती दोन दिवसांत पात्यांची धार घालवते. धुण्याची सोय नसेल तर हे दोन्ही माल सुरुवातीला घेऊच नका. औषधफवारणीचे कॅन तर कधीच नको, ते विष आहे, आणि मुलगा तिथे दिवसभर उभा राहणार आहे.

माल ओळखायला बादलीभर पाणी पुरतं. तुकडा टाका. डबे-बादल्यांचं पीपी आणि एचडी तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पाइपाचं पीव्हीसी बुडतं. बुडालेलं वेगळं ठेवा. एका पोत्यात थोडं पीव्हीसी शिरलं तरी कारखानदार अख्खी गाडी परत लावतो, भाडं तुमच्या अंगावर.

कमाईचा तुमचा हिशेब असा : ताशी 150 किलो, आठ तास, 26 दिवस, म्हणजे 31 टन. किलोमागे 10 रुपये, खर्च जाऊन दीड लाख. साहेब, 150 किलो ही माहितीपत्रकातली गोष्ट आहे. धार लावणं, माल निवडणं, वीज जाणं धरलं की ताशी 60 किलो, दिवसाला पाच तास, 22 दिवस. साडेसहा टन. तुमच्याच भावाने, 24 ने घेतला, 34 ने विकला. धूळ, लेबल, ओल यांत 8 टक्के घट. हाती राहतात 48 हजार. दोन माणसांची मजुरी 20 हजार, वीज 7, पाती-बेअरिंग 3, गाडीभाडं 7. उरले 11 हजार, तेही शेडला भाडं नाही आणि तुमच्या-मुलाच्या कष्टाला दाम नाही असं धरून.

ही 11 हजारांची कमाई आणि तो 16,700 चा हप्ता शेजारी शेजारी मांडून बघा. धंदा बरा चालला तरी पॉलिसीसुद्धा भागत नाही.

विजेचं एक. शेडजवळ शेतीपंपाचं थ्री फेज आहे, त्यावर चालवू असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून नको. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे ती शेतीसाठी. त्यावर ग्राइंडर सापडला तर हेस्कॉम ही वीज कंपनी अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने आकारणी करतं. उद्योगाचं वेगळं कनेक्शन, पंचायतीचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे सगळं मशीन यायच्या आधी.

आणि सीमेचं दुखणं इथेही आहेच. तुमचे गिऱ्हाईक महाराष्ट्रातल्या कागल-शिरोलीचे कारखानदार. निपाणीहून कागल म्हणजे शेजारच्या गल्लीत गेल्यासारखं, पण कोगनोळी नाका ओलांडला की माल परराज्यात गेला. कर्नाटकातच विकलात तर वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि तुमची उलाढाल 25 लाखांच्या आतच राहील. परराज्यात विकायला मात्र पहिल्या गाडीपासून नोंदणी सक्तीची, आणि 50 हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे गाडीसोबतचं ऑनलाइन काढलेलं वाहतुकीचं बिल. नोंदणी घ्या, घाबरण्यासारखं नाही, पण महिन्याच्या विवरणपत्रांचा खर्च धरा. शिवाय कारखानदार महिन्याच्या उधारीवर माल घेणार. पंधरा दिवसांचा साठा आणि महिन्याची उधारी मिळून अडीच लाखांच्या आसपास कायमचे अडकतात. मशीनची किंमत सगळे विचारतात, हे पैसे कुणी मोजत नाही.

‘माल आम्हीच उचलू’ म्हणणाऱ्या श्रेडरवाल्याला मी नाही म्हणेन. त्याचा नफा मशीन विकण्यात आहे, तो तुमच्याकडून पहिल्याच दिवशी मिळतो. माल उचलायची वेळ येते तेव्हा ओल जास्त, रंग मिसळला, भाव पडला, अशी कारणं निघतात. शंभराच्या स्टँपवरचा करार घेऊन तुम्ही कुठे कोर्टात जाणार?

मग करायचं काय? 8 लाखांतले 4 लाख पोस्टाच्या त्या योजनेत टाका, दर तिमाहीला 8,200 रुपये येतील. 2 लाख आजारपण-अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत, खरोखरच्या ठेवीत, पावती वाचून. उरलेले 2 लाख धंद्याला. त्यात मशीन नको. चार भंगारवाल्यांकडून माल घ्या, शेडमध्ये निवडा, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा कागलकडे ज्याच्याकडे ग्राइंडर आहे त्याच्याकडून किलोमागे मजुरी देऊन दळून घ्या. तीन महिने. रोजची आवक, घट, विक्री, उधारी मुलाला वहीत लिहायला लावा. महिना चार टन स्वच्छ माल खरंच जमला आणि पैसे वेळेवर आले, तर 10 एचपीचा ग्राइंडर घ्या. घ्यायच्या आधी आपल्याच मालाची दोन पोती घेऊन विक्रेत्याकडे जा, समोर तासभर चालवा, चुरा वजन करा. हॉपरला, म्हणजे माल घालायच्या तोंडाला, झाकण आणि झाकण उघडताच मोटर बंद होणारा स्विच नसेल, तर तिथूनच परत या.

मशीनचे पैसे रोख देऊन मोकळे होण्याआधी बेळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, चौकशी करा. त्या योजनेत ग्रामीण भागात माजी सैनिकांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात. पण कर्ज आधी मंजूर व्हावं लागतं. मशीन आणून ठेवल्यावर गेलात तर उपयोग नाही.

तक्रारीचं पत्र या आठवड्यात जाऊ द्या. मसुदा करून मला पाठवलात तर मी पाहून देईन. चिठ्ठीची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, बँकेने मागितली तरी झेरॉक्सच द्या.