दाजीपूरला पहाटे माणसासारखी शीळ ऐकली. पक्षी होता की माणूस? मोबाईलवर तसा आवाज लावला तर फोटोसाठी जवळ येईल का?

पक्षीच. शीळकरी कस्तूर. माझा शब्द धरा, ह्या पाखरापायी मी मामाची कानफटात खाल्लीय.

आठवीत होतो. आजोळ राधानगरीच्या वर, घरामागं ओढा. जूनचा पहिला पाऊस झालेला, उजाडायचं होतं, बायका पाण्याला निघालेल्या. मी परड्यात राखुंडीनं दात घासतोय आणि ओढ्यावरून निवांत शीळ. चाल अशी नाहीच; वर जाते, खाली येते, मध्येच विसरल्यासारखी थांबते, पुन्हा भलतीकडूनच सुरू. मामा गोठ्यातून धार काढून आला. चरवी नीट खाली ठेवली (दुधाची काळजी!) आणि थाड! "बायकांकडं बघून शिट्ट्या मारतोस व्हय रं?"

आता इंग्रजांनीही ह्याला 'शीळ घालणारं शाळकरी पोरगं' असंच नाव पाडलंय, म्हणजे फसलेला मामा एकटा नाही. पण कबूल कोण करतंय? म्हणे, "आमच्या वेळंला असलं पाखरू नव्हतं." १८३१ साली शास्त्रीय नाव मिळालेला पक्षी आहे हा!

गेल्या पावसाळ्यात मामाला मुद्दाम गगनबावड्याच्या घाटात नेलं. मोरीच्या कठड्यावर कस्तूर बसला होता. सावलीत नुसता काळा. जरा उजेडाकडं वळला तसं कपाळ आणि खांदे निळे चमकले. खेकडा दगडावर आपटून आपटून खात होता. मामानं दहा मिनिटं बघितलं. मग म्हणाला, "पाखरू हाय खरं. पर त्या दिवशी तूच हुतास."

हां, फोटोचं. आवाज लावू नका. येईल, धावून येईल. पण पावसाळा त्याच्या विणीचा. हद्दीत दुसरा नर घुसला समजून पिल्लांचा घास टाकून तुमच्या मोबाईलशी भांडत बसेल. फोटोसाठी असली कामं करणाऱ्यांना जंगलात सोडूच नये. ओढ्याच्या कडेला लांब, गप बसा, दिसतो. हिवाळ्यात मात्र शीळ फारशी ऐकायला मिळत नाही, उडताना एक कर्कश चिरका आवाज काढतो तेवढाच. आणि माणसंही शीळ घालतात, तेही मान्य.

फक्त एक करा. तोंडात राखुंडी भरून शीळ घालता येते का, घरी करून बघा आणि इथंच खाली कळवा. मामाला दाखवायचंय.