.३०८ च्या पुंगळ्या दर वेळी ट्रिम कराव्या लागतात का?

दर वेळी मोजाव्या लागतात, कापाव्या लागतातच असं नाही. तुम्ही लिहिलंय की टेक्ससमध्ये नुकतंच रीलोडिंग, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरणं, सुरू केलंय, रायफल .३०८ विन्चेस्टर, आणि ट्रिम करून ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, लहान होईल का हे हवंय. मी ओहायोत बरीच वर्षं हे करतोय. त्याआधी भोसरीत लेथवर होतो, त्यामुळे इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊच म्हणणार.

.३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच चालते आणि कापून २.००५ वर आणतात. मधले दहा थाऊ, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, तिला वाढायला ठेवलेले.

ती वाढते कारण बार उडाला की पितळ चेंबरभर, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेभर, फुगतं. डायमध्ये, म्हणजे साच्यात, आपण ते परत मापात दाबतो (हेच साइझिंग), तेव्हा अंगातलं पितळ मानेकडे, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाकडे, सरकतं. वर येताना एक्सपांडर बॉल, म्हणजे मान आतून रुंद करणारी डायमधली गोटी, मान ओढतो ते वेगळंच. म्हणून आधी साइझिंग, मग व्हर्निअरनं मोजणं. सुरुवातीला मी उलटं केलं होतं. २.००५ वर छान कापलेली पन्नास नगं साइझिंगनंतर मोजली, तर कुठे २.०११, कुठे २.०१२. अख्खी संध्याकाळ फुकट.

पुंगळी फार लांब झाली तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लावताना तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेवर टेकतं आणि आत दबून गोळीला आवळतं. गोळी सुटायला अडते, दाब भलताच चढतो. ट्रिमिंग मुळात यासाठी आहे. ग्रुपचं म्हणाल, तर दोन-तीन थाऊंचा फरक शंभर यार्डांवर कागदावर दिसेल असं मला वाटत नाही. पावडरचं वजन आणि मानेची पकड आधी सांभाळा. तरी एका लॉटची सगळी नगं सारख्याच लांबीची ठेवा, मी ठेवतो.

कापल्यावर तोंडाला बर, म्हणजे खरखरीत कड, राहते, नख फिरवलं की लागते. बाहेरून ती काढा, आतून हलका चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, मारा, हातानं दोन-तीन फेरे पुरे. सुरीसारखी धार आणू नका. एकदा मी आतला चॅम्फर टाळला. गोळी बसवताना तिच्या जॅकेटची, म्हणजे तांब्याच्या वेष्टनाची, केसाएवढी साल निघाली आणि अंगठीसारखी मानेभोवती बसली. ते काडतूस तसंच मोडून टाकलं.

आणि एखादी पुंगळी दर फेरीला भराभर वाढत असेल, तर नुसतं कापत बसू नका. बहुधा डाय खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, जास्त मागे ढकलतोय. बोल्ट-ॲक्शनला, म्हणजे हातानं बोल्ट ओढायच्या रायफलीला, दोन थाऊ पुरतात. पेपरक्लिपचं टोक वाकवून आत घाला आणि बुडाजवळ भिंतीवरून खालीवर ओढा. तिथे खाच लागली, म्हणजे भिंत ताणून पातळ झालेली असली, तर ती पुंगळी पक्कडीनं चेपूनच भंगारात टाका, म्हणजे चुकून परत डब्यात जायची नाही.