नागपूरच्या रोजच्याच रस्त्यांवर छायाचित्र काढण्याजोगे सौंदर्य कुठे सापडते?

ते विषयात क्वचितच असते. प्रकाश, अंतर आणि क्षण यांच्या जुळणीतून ते दिसू लागते. इतवारीच्या अरुंद गल्लीत सकाळी तिरपे ऊन एका बाजूच्या भिंतीवर पडते आणि दुसरी बाजू सावलीत राहते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, उन्हावर ठरवले, तर फलक, लोंबत्या तारा आणि उभ्या गाड्या काळोखात बुडतात आणि हातगाडी ओढणारा माणूस उजेडाच्या पट्ट्यात येताच तोच एकटा उठून दिसतो. म्हणूनच हिंडत राहण्यापेक्षा जागा आधी हेरून थांबणे मला अधिक फलदायी वाटते. सामग्रीची फार चिंता करू नये. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० मिमीच्या एका साध्या लेन्सवर केले.

उन्हाळ्यात मात्र गणित बदलते. २६ मेच्या सुमारास नागपुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि चेहरेही दुपट्ट्यांत गुंडाळलेले असतात. अशा वेळी भाव टिपण्याचा नाद सोडून सीताबर्डीच्या सिग्नलवर थांबलेल्या दुचाकीस्वारांकडे निव्वळ रंग आणि आकार म्हणून पाहावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत मिरवणूक, म्हणजे अनिष्टाच्या प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, सगळेच टिपतात. माझ्या मते तिची वाट पाहत गॅलऱ्यांत आणि ओट्यांवर बसलेली माणसे अधिक बोलकी असतात. कोणी नको म्हटले, तर छायाचित्र त्यांच्यासमोरच पुसून टाकावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना आधी विचारावे.