विधेयक येईल तेव्हा येईल, अपिलाची मुदत थांबणार नाही

प्रश्न : गांधीबागेत आम्हा दोघा भावांचं भागीदारीत कापडाचं दुकान होतं. 2018 मध्ये बंद केलं. 2014-15 च्या व्हॅटची मागणी अजून मानेवर आहे: कर, व्याज आणि शास्ती (दंड) मिळून सुमारे 9 लाख 20 हजार. मागे माफीची योजना आली तेव्हा पहिलं अपील चालू होतं, जिंकूच म्हणून त्यात गेलो नाही. त्या अपिलाचा निकाल आमच्या विरोधात गेला, आदेश हातात येऊन 38 दिवस झाले. ट्रिब्युनलमध्ये जायचं तर पुन्हा खर्च. आमचे कर सल्लागार म्हणतात, थांबा, थकबाकी माफीचं विधेयक विधिमंडळाच्या वित्त समितीकडे तपासायला गेलं आहे, 20 टक्के भरून सुटाल. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरही तसा मेसेज फिरतोय. धाकटा भाऊ वर्ध्याला असतो, तो म्हणतो एक रुपया भरू नको. वकील मॅडम, थांबू का अपील करू? आणि डिसेंबरात अधिवेशन नागपुरातच भरतं, तेव्हा समितीला निवेदन दिलं तर उपयोग होईल का?
— एक माजी व्यापारी, नागपूर

उत्तर : भाऊ, अपील करा. आणि याच आठवड्यात तयारीला लागा. पहिल्या अपिलाचा आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत विक्रीकर न्यायाधिकरणात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ट्रिब्युनलमध्ये, दुसरं अपील दाखल व्हायला हवं. त्यातले 38 गेले, 22 उरले. वकील ठरवणं, जुनी खरेदी बिलं शोधणं, भावाशी बोलणं, सगळं याच 22 दिवसांत बसवायचं आहे.

आता त्या मेसेजकडे येते. तुम्ही त्याची प्रत सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. मी तो दोनदा वाचला. त्यात विधेयकाचा क्रमांक नाही, मांडल्याची तारीख नाही, कोणत्या सभागृहात मांडलं तेही नाही. विधिमंडळात मांडलेल्या प्रत्येक विधेयकाला वर्ष आणि क्रमांक असतो, ‘विधानसभा विधेयक क्रमांक अमुक’ असा. क्रमांक नाही म्हणजे सांगणाऱ्याने विधेयक पाहिलेलं नाही, एवढं धरून चाला. सल्लागारांना हाच एक प्रश्न विचारा.

दुसरं, ‘वित्त समिती’ हा शब्द. आपल्या विधिमंडळात आर्थिक म्हणाव्यात अशा तीन समित्या आहेत: लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते, म्हणजे विनियोजन लेखे (मंजूर पैसा कसा खर्च झाला त्याचे हिशेब) आणि कॅगचे अहवाल. विदर्भ-मराठवाड्याचे हिशेब ठेवणारं महालेखाकारांचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळे या समितीचं नाव इथे कानावर पडत असतं. अंदाज समिती खर्चाच्या अंदाजांत काटकसर कुठे होईल ते बघते आणि तिसरी सरकारी महामंडळांचा कारभार. यांच्यापैकी कोणाकडेही नवीन विधेयक मंजुरीआधीच्या छाननीला जात नाही. विधेयक बारकाईने तपासायचं असेल तर सभागृह त्यासाठी वेगळी प्रवर समिती नेमतं, किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती. त्यामुळे मेसेज खरा असलाच, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की मसुदा मंत्रालयात वित्त विभागाच्या टेबलावर आहे. म्हणजे अजून विधेयक झालेलंच नाही.

पैशाच्या बाजूने विधेयकाची छाननी होत नाही असं मात्र नाही. ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे तिजोरीतून, खर्च होणार, त्याला वित्तीय ज्ञापन (किती खर्च येईल ते सांगणारी टीप) जोडावं लागतं आणि संविधानाच्या अनुच्छेद 207(3) प्रमाणे राज्यपालांनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय ते सभागृहाला मंजूर करता येत नाही. पण तुमचा विषय कर माफ करण्याचा आहे. अनुच्छेद 199 वाचलात तर कर बसवणं, रद्द करणं, त्यात फेरफार करणं यांच्या जोडीला कर ‘माफ करणं’ हेही धन विधेयकाच्या व्याख्येत आहे. फक्त तेवढ्याच विषयाचं विधेयक असेल तर ते विधानसभेतच मांडावं लागतं. विधान परिषदेला त्यावर शिफारशी करायला 14 दिवस मिळतात आणि त्या स्वीकारायच्या की नाही हे विधानसभाच ठरवते. असं विधेयक समितीच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहण्याचं कारण नसतं. मागचा अनुभवही तोच. 2022 आणि 2023 च्या थकबाकी तडजोडीच्या दोन्ही योजना मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर झाल्या, त्याच अधिवेशनात कायदे झाले, आणि 2022 ची 1 एप्रिलपासून, 2023 ची 1 मेपासून सुरू झाली. सल्लागार जे 20 टक्के सांगतात ते या 2023 च्या योजनेतले आहेत: 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीला 20 टक्के भरले की उरलेली माफ. ती मुदत 31 ऑक्टोबर 2023 ला संपली. तेव्हा तुमचं पहिलं अपील चालू होतं आणि जिंकू अशी खात्री दिली गेली म्हणून तुम्ही योजनेत गेला नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. वाचून वाईट वाटलं. तुमच्या आकड्यावर 1 लाख 84 हजारांत विषय मिटला असता. तेव्हा अपिलाच्या भरवशावर योजना गेली, आता योजनेच्या भरवशावर अपील घालवू नका.

समजा, मेसेज शब्दशः खरा आहे. विधेयक मांडलं गेलंय आणि खरोखरच एखाद्या समितीकडे आहे. तरी काय? महिला अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर 2020 मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा झालाच नाही. जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये मांडलं, पण विधानसभेची मुदत संपली आणि ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप रद्द झालं. डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे दिलं. तिच्याकडे 12 हजारांहून जास्त सूचना आल्या, मजकुरात बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. ते विषय वेगळे, पण वाट तीच. अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे संपल्याने, विधेयक मरत नाही, मात्र विधानसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेलं विधेयक संपतं. समितीतून बाहेर आलेला मजकूर आत गेलेल्या मजकुरासारखाच असेल याचीही हमी नाही. तुमचं 2014-15 हे वर्ष त्यात असेल का, टक्का किती असेल, भागीदारी मोडलेल्यांना घेतील का, हे राजपत्रात अधिनियम छापून आल्यावरच कळतं. तोवर कोणत्याही अधिकाऱ्याला किंवा न्यायाधिकरणाला त्या विधेयकाकडे बघून निर्णय देता येत नाही.

तुमच्या मनातली खरी भीती मला वाटतं वेगळी आहे: अपील केलं आणि उद्या योजना आली तर आपण बाहेर राहू. असं नाही. याआधीच्या योजनांमध्ये अपील चालू असलेल्यांनाही प्रवेश होता, अट एवढीच की अपील पूर्णपणे आणि बिनशर्त मागे घ्यायचं. दाखल केलेलं अपील मागे घेता येतं. मुदत गेल्यावर राहून गेलेलं अपील पुन्हा उभं करणं मात्र फार कठीण. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात सबळ कारण दाखवावं लागतं. आजारपण, आदेश चुकीच्या पत्त्यावर जाणं, ही कारणं ऐकली जातात. ‘माफीचं विधेयक येणार होतं म्हणून थांबलो’ हे कारण मी तरी कोणासमोर मांडायला धजणार नाही.

थांबण्याची किंमतही आहे. अपील नसेल तर मागणी अंतिम होते आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, बँक खात्यावर टाच येऊ शकते. थकलेल्या करावर व्याजही चालू राहतं. अपिलासोबत वसुलीला स्थगितीचा अर्ज करता येतो. नुसतं अपील दाखल केलं की वसुली आपोआप थांबेल असं समजू नका. पहिल्या अपिलाच्या वेळी भरलेल्या रकमेचं चलन शोधून ठेवा, ते लागेल.

अपिलात दम किती, हेही सरळ सांगते. तुमची मागणी खरेदीवर दिलेल्या कराची वजावट नाकारल्यामुळे आहे, कारण ज्या दोन पुरवठादारांकडून तुम्ही माल घेतलात त्यांनी कर सरकारात भरलाच नाही. व्हॅट कायद्याचं कलम 48(5) अशा ठिकाणी खरेदीदाराच्या विरोधात जातं आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये महालक्ष्मी कॉटनच्या प्रकरणात ते वैध ठरवलं आहे. त्यामुळे पूर्ण मागणी रद्द होईल अशी आशा मी लावणार नाही. पण त्या पुरवठादारांकडून नंतर वसुली झाली असेल तर तेवढी वजावट मागता येते. शास्तीवर स्वतंत्र भांडता येतं, कारण तुम्ही पैसे चेकने दिलेत आणि माल खरोखर दुकानात आला. बँकेचे उतारे आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या असतील तर त्या सोन्याच्या मोलाच्या.

भावाला माझ्या वतीने एवढं सांगा की दुकान बंद झालं म्हणून भागीदारांची जबाबदारी संपत नाही. दोघंही या रकमेला संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या बांधील आहात. वसुली निघाली तर ती वर्ध्यालाही पोचेल. भागीदारी मोडल्याचा लेख नोंदवला असेल तर त्याची प्रत काढा. हिशेबाचं देणं कोणी घ्यायचं हे त्यात लिहिलं असेल, तर भावाभावांतला वाद त्यावर मिटेल, सरकारचा मात्र मिटणार नाही.

निवेदन जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. पण नसलेल्या समितीला देऊ नका. वित्तमंत्री आणि तुमचे आमदार यांना लेखी द्या, पोच घ्या, आणि मजकूर नेमका ठेवा: ज्यांची अपिलं योजनेच्या काळात प्रलंबित होती आणि नंतर फेटाळली गेली, अशा बंद पडलेल्या लहान दुकानांना एक संधी द्या. तुमच्यासारखे गांधीबाग-इतवारीत बरेच असतील. चार-पाच जणांनी आपापल्या आदेशांच्या प्रती जोडून दिलं तर ते एका मेसेजपेक्षा नक्कीच जास्त वाचलं जाईल. मार्चच्या अर्थसंकल्पात काही यायचं असेल तर मसुदे त्याआधी ठरतात, त्यामुळे डिसेंबरातली वेळ चुकीची नाही.

आधी मात्र आदेशाच्या पाकिटावरची किंवा ईमेलवरची तारीख पाहा. तुम्ही ‘हातात येऊन’ असं लिहिलंत, तरी खात्री करा: 38 दिवस तुम्ही आदेशावरच्या तारखेपासून मोजलेत की तो हातात पडला त्या दिवसापासून? मुदत हातात पडल्यापासून मोजतात. तुम्ही आदेशावरून मोजलं असेल तर दोन-चार दिवस जास्त मिळतील. ते पाकीट फेकू नका, अपिलाला जोडावं लागेल.