वगैरे म्हणजे किती?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

निबंध दोनदा वाचला. विषय धाडसाचा निवडलास. खांडेकरांचा ययाति आणि नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर यांना एका पंगतीला बसवायचं कुणाच्या डोक्यात येतं? ‘ययाति’ कादंबरी १९५९ची, सांगवीकराची ‘कोसला’ १९६३ची. अंतर चार वर्षांचं, पण वाचताना वाटतं मध्ये अख्खी पिढी उलटून गेली. एक हस्तिनापूरचा राजा, दुसरा खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला शेतकऱ्याचा पोरगा. दोघंही आपली गोष्ट आपल्याच तोंडानं सांगतात, हे तू बरोबर हेरलंस. पण हेरून तिथंच सोडून दिलंस, म्हणून हे पत्र.

तुझा निकाल असा: ययाति लंपट, पांडुरंग आळशी, लंपटपणा मोठा, म्हणून ययाति जास्त वाईट. अगं, हे तर त्या दोघांनी स्वतःच कबूल केलंय! ययाति आपल्या वासनेबद्दल पानंच्या पानं बोलतो. पांडुरंगही आपण वाया गेलो हे लपवत नाही. कबुलीजबाब समोर ठेवल्यावर तो उतरवून घ्यायला हवालदार पुरतो. तुला वाचक म्हणून नेमलंय. जे ते कबूल करत नाहीत, ते शोध.

आता ययातीचा एकच प्रसंग घे. राणी देवयानीच्या रागापासून वाचवायला तो तिच्या दासीला, शर्मिष्ठेला, लहानग्या पुरूसकट रात्री भुयारातून बाहेर काढून देतो. अश्वमेधाच्या घोड्याबरोबर फिरलेला हा वीर. राज्य त्याचं, वाडा त्याचा. आणि बायकोसमोर उभं राहून ‘हे मूल माझं आहे’ एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. इथं वासना कुठाय? इथं भित्रेपणा आहे. वासनेची कबुली तो रसाळपणे देतो, कारण तीत थोडा रुबाबही असतो. भित्रेपणात कसला रुबाब? शिवाय हाताशी सबब तयारच: नहुषाची, म्हणजे त्याच्या बापाची, मुलं कधी सुखी होणार नाहीत, हा शाप. पुढं पोटच्या पोराचं तारुण्य अंगावर घेण्यापर्यंत मजल जाते ती त्या रात्रीच्या भुयारातूनच, असं माझं मत. तुला पटलं नाही तर खोडून काढ, पण पानं दाखवून.

पांडुरंगाचं काम अवघड आहे, कारण तो आपल्याला आवडतो. मलाही आवडायचा, आवडायचा म्हणजे काय, वर्षभर मी तोच होतो. त्याला सगळ्यांची ढोंगं दिसतात, पुढाऱ्यांची, प्राध्यापकांची, मित्रांची. प्रत्येक गोष्टीला ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावून तो ती हलकी करतो, आणि आपण खो खो हसतो. हसता हसता एक गोष्ट निसटते. वडिलांच्या पैशांवर मित्रांचे चहा होतात, मेसच्या कारभारात पैसे बुडतात, आणि ते पैसे घरी कसे आले याचा हिशेब काही त्याच्या बोलण्यात येत नाही. वडील फक्त जुलमी म्हणून येतात. जुलमी ते होतेच म्हणा. पण मनी, धाकटी बहीण, देवीच्या रोगानं दगावते आणि हा पुण्यात असतो, तिथं त्याची थट्टा तग धरत नाही. तेवढी पानं पुन्हा वाच, सावकाश.

आणि आता तुझ्या निबंधात नसलेली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खांडेकरांनी देवयानीला आणि शर्मिष्ठेलाही बोलायला दिलंय. ययातीनं काही झाकलं की त्या येऊन उघडं करतात. त्याची उलटतपासणी पुस्तकातच होते. नेमाड्यांनी ना वडिलांना बोलू दिलं, ना आईला, ना मनीला. तिथं उलटतपासणी तुला घ्यावी लागते. म्हणून दोघांचे दोष एका तराजूत घालून चालत नाही. एकाचं माप लेखकानं काढून दिलंय, दुसऱ्याचं आपण काढायचं.

माझ्या ‘कोसला’त पिवळा कागद सापडला तो काय, असं विचारलंस. ती गुळाची पट्टी आहे, म्हणजे अडत्यानं दिलेली विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. १९७४ साली मी इथल्याच एका बोर्डिंगात होतो आणि ‘कोसला’ नुकतीच वाचली होती. घरी कार्ड टाकलं: मेस, पुस्तकं वगैरे मिळून पैसे पाठवा. आमचं गुऱ्हाळ होतं. अण्णा, माझे वडील, शाहूपुरीत गूळ घेऊन आले, सौदा झाल्यावर चालत बोर्डिंगावर. अंगाला काकवीचा वास, पटक्यावर धूळ. खिशातून चौघडी घातलेलं माझं कार्ड काढलं आणि दारातच विचारलं, “ह्यातलं समदं कळलं. वगैरे म्हंजे किती?”

खोलीतली पोरं हसली. मीही हसलो. त्यांनी पट्टीत गुंडाळलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि एसटी गाठायला गेले. पट्टी मी खूण म्हणून पुस्तकात घातली. वाचली बऱ्याच वर्षांनी, ते गेल्यावर. अडत, हमाली, तोलाई वजा जाता खाली राहिलेला आकडा आणि त्यांनी मला दिलेली रक्कम, यांत फरक होता तीन रुपयांचा. एसटीच्या तिकिटाचा असावा.

असो. निबंधाची पहिली दोन पानं काढून टाक. लेखकांचे जन्म आणि पुरस्कार परीक्षकांना पाठ असतात. ‘लंपट’ आणि ‘आळशी’ हे दोन्ही शब्द खोडून बघ, त्यांच्याशिवाय लिहिता येतं का. विद्यापीठात खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, सवडीनं बघून ये, निबंधासाठी म्हणून नव्हे. रविवारी सकाळी घरीच आहे, दहाच्या आत ये. ‘कोसला’ परत आणशील तेव्हा पट्टी होती त्याच पानात ठेव, मनीच्या तिथं.

तुझे
सर